साडेअकरा वर्षांची लॅब, मागचे पाय धरलेत. पाण्यातली थेरपी करावी की घरीच काही जमेल?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची चिमी, लॅब्रॅडॉर, साडेअकरा वर्षांची. वजन ३९ किलो (माहितीये जास्त आहे, ओरडू नका). दिवाळीपासून सकाळी उठताना मागचा भाग उचलतच नाही. पुढच्या दोन पायांवर जोर देते, मागचे पाय टाईल्सवर फाकतात, सर्रकन घसरते आणि मग आमच्याकडे असं बघते की जणू तिचंच काहीतरी चुकलं. एकदा उठली की दहाबारा पावलांनी गाडी बरी चालते. संध्याकाळी फिरून आली, तासभर झोपली की परत तेच. रात्री उगाच धापा टाकते, जागा बदलत राहते.

एक्सरे झाला, दोन्ही खुब्यांची झीज आहे, डॉक्टर म्हणाले हिप डिस्प्लासिया (खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसणं) लहानपणापासूनच असणार, आता त्यावर संधिवात चढलाय. मेलोक्सिकॅम (सांधेदुखीची गोळी) दिलं दहा दिवस. खरं सांगते, त्या दहा दिवसांत पोरगी बेल वाजली की दारापर्यंत धावत येत होती. गोळ्या संपल्या आणि चारपाच दिवसांत परत पहिले पाढे. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, सप्लिमेंट चालू ठेवा, वय झालंय आता.

आम्ही नाशिकला, जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कोणीतरी सांगितलं पुण्यात पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवतात, आठवड्यातून दोनदा न्यावं लागेल म्हणे. जायला पाच तास यायला पाच तास, ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे. नवरा म्हणतो माझ्या आईच्या गुडघ्यांना आपण एवढी फिजिओ केली नाही. यावर सासूबाई म्हणाल्या मला नकोय, तिला करा. (चिमीला तुपाची पोळी कोण देतं हे आता तुम्ही ओळखलंच असेल.)

तर या थेरपीचा खरंच फरक पडतो का की नुसतं फॅड आहे? घरी काय करता येईल? आणि हे दुखणं आहे की पायातली ताकद गेलीये हे कसं ओळखायचं, कारण ती कधीच ओरडत नाही, एकदाही नाही.

पेठेतली_मावशी

ताई, आधी टाईल्स झाका. बाकी सगळं नंतर. उद्या नाही, आज.

आमचा गुंड्या लॅबच होता, म्हणजे अर्धा लॅब आणि अर्धा काय ते कोणालाच कळलं नाही, तेरा वर्षांचा होऊन गेला. त्याच्यावर मी दोन वर्षं हे सगळं केलंय, पुण्यात राहत असल्यामुळे पाण्यातली ट्रेडमिलसुद्धा केलीये, म्हणून जरा लांबण लावते.

त्या व्हिट्रिफाईड टाईल्स म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बर्फच. पाय फाकतील या भीतीनेच ती उठायचं टाळते, मग उठत नाही म्हणून मांडीचे स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सांध्यावर भार वाढतो, मग अजूनच उठत नाही. हे चक्र तोडायचं. मी पाच जुन्या योगा मॅट आणि लहान मुलांच्या त्या एकात एक अडकणाऱ्या फोमच्या लाद्या आणल्या आणि झोपायची जागा ते पाण्याचं भांडं, भांडं ते दार असा रस्ताच करून टाकला. घर दिसायला भयाण दिसतं, पाहुण्यांना सांगायचं आमच्याकडे योगवर्ग चालतात. सतरंजी घालू नका, ती स्वतःच घसरते. नखं कापा, चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलीत आणि पंजा नीट टेकत नाहीये. पंज्याच्या गाद्यांमधले केस पण कापा, मोजे घातल्यासारखे घसरतात त्याने.

आता ट्रेडमिल. फॅड नाहीये. काचेची पेटी असते, आत पट्टा, त्यात कोमट पाणी चढवतात. पाण्यामुळे वजन हलकं होतं पण किती हलकं ते पाणी कुठवर आहे त्यावर, आमच्या थेरपिस्टबाईंनी आकडे सांगितले होते ते डोक्यात बसलेत. मागच्या घोट्यापर्यंत पाणी असेल तर अजून ९१ टक्के वजन पायांवरच, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत भरलं की एकदम ३८ टक्के. म्हणून पायाशी पाणी ठेवून काही होत नाही, कंबरेला लागेल एवढं लागतं. शिवाय पाण्यातून पाय ओढताना स्नायूला काम पडतं, सांध्याला धक्का नाही. गुंड्या पहिल्या दिवशी जेमतेम तीन मिनिटं चालला, तीही मध्ये थांबून थांबून, आणि पूर्ण वेळ माझ्याकडे विश्वासघात झाल्यासारखा बघत होता. सहासात वेळा गेल्यावर मांडी हाताला भरीव लागायला लागली, मी टेप लावून मोजत होते म्हणून सांगते.

पण. खरा फरक पडला तो घरी रोज पंधरावीस मिनिटं केलं त्याने. ट्रेडमिल आठवड्यातून अर्धा तास, घर सातही दिवस. तुम्ही दर आठवड्याला दोनदा पुण्याला आणलंत तर दहा तास गाडीत एका कुशीवर बसून ती जेवढी आखडेल तेवढं तुम्ही पाण्यात मोकळं करणार, हिशोब बसत नाही. त्यापेक्षा एकदा या, नीट तपासणी करून व्यायाम शिकून घ्या, व्हिडिओ काढून घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने परत दाखवा. मी नाशिकला असते तर असंच केलं असतं.

घरी आम्ही काय करायचो: आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दोन्ही खुब्यांवर दहा मिनिटं (आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, तिथे चटका वाटला तर तिला पण वाटतो). मग ती आडवी असताना हलक्या हाताने मांड्या चोळायच्या, मग एक हात गुडघ्याखाली एक पंज्यापाशी धरून सायकल चालवल्यासारखा पाय हळूहळू फिरवायचा, दहा वेळा, जिथे ती मान वळवून बघेल तिथे थांबायचं, पुढे रेटायचं नाही. मग उठबस. भिंतीच्या कोपऱ्यात बसवा म्हणजे पाय बाहेर फेकून फतकल मारता येत नाही, नाकासमोर खाऊ धरून उभं करा, परत बसवा. सुरुवातीला तीनच. गुंड्याला पुढे आठपर्यंत जमायला लागलं. मग मॅटवर उभं असताना कंबरेला दोन्ही हात लावून हलकेच डावीकडे उजवीकडे झुलवायचं, पाडायचं नाही, नुसतं तिने स्वतःला सावरावं एवढंच. आणि झाडूच्या काठ्या जमिनीवर हातभर अंतराने ठेवून त्यावरून सावकाश चालवायचं, त्यात त्यांना पाय मुद्दाम उचलावा लागतो, कुठे ठेवतोय ते बघावं लागतं. गुंड्या पहिल्या दिवशी काठी तोंडात घेऊन पळाला.

एक नियम लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडली तर काल जास्त झालं. निम्म्यावर आणा. फिरणं पण तसंच, अर्धा तास एकदम नको, पाचसात मिनिटं दिवसातून चारदा. पण तुमचे जिने! ते कसं जमवायचं देव जाणे.

रोखठोक

राग येईल पण लिहितो. साडेअकरा वर्षं लॅबसाठी भरपूर झाली. पाण्यातली ट्रेडमिल, मसाज, लेझर... हे तिच्यासाठी चाललंय का आपल्या समाधानासाठी? गावाकडे आमची कुत्री म्हातारी झाली की ओसरीवर पडून राहायची, शांतपणे जायची. नाशिकमध्ये माणसांना फिजिओ मिळत नाही.

ढोरडॉक्टर

वरच्या दादांना नंतर उत्तर देतो. आधी मूळ प्रश्न, कारण त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट विचारलीये आणि लोक ती विचारत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, निम्मी जनावरं निम्मी कुत्रीमांजरं. न बघता निदान करत नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

चिमी ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं नाही. कुत्रं जुन्या दुखण्यात ओरडत नाही. रात्री धापा टाकणं, जागा बदलत राहणं, उठायला वेळ लागणं आणि चालल्यावर मोकळं होणं, आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मेलोक्सिकॅमवर पळत आली. याचा अर्थ दुखत होतं. मग दुखणं आटोक्यात न आणता व्यायाम सुरू करू नका, दुखऱ्या पायाने केलेला व्यायाम म्हणजे कुत्र्याला व्यायामाची भीती बसवणं. आधी डॉक्टरांना भेटून वेदनाशामक नीट लावून घ्या. रोजचं लागणार असेल तर आधी किडनी लिव्हरची रक्ततपासणी आणि मग ठराविक महिन्यांनी परत. उपाशीपोटी देऊ नका. उलटी, काळी शी, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून फोन करा. त्याच्याबरोबर प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉईड कधीच नाही, पोटात अल्सर होऊन फुटतो, मी बघितलंय. नुसत्या सांधेदुखीच्या गोळीने रात्र शांत जात नसेल तर गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) जोडता येतं, पण माणसांचं सिरप घेऊ नका, काही सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असतं, कुत्र्यांना ते विष आहे.

माणसांची कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक काहीही देऊ नका. शेजारचे काका सांगतील अर्धी द्या. देऊ नका. गुडघ्याला लावायचं जेल पण नाही, ती चाटून काढणार. डायक्लोफेनॅक म्हटलं की आमच्या पिढीला गिधाडंच आठवतात, मेलेल्या जनावरांच्या मांसातून जाऊन गिधाडं संपली म्हणून २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं सरकारने. असो.

दुखणं की ताकद? उभी असताना मागचा पंजा हळूच उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा. नुसती सांधेदुखी असलेलं कुत्रं पटकन पंजा सरळ करतं. उलटाच राहिला, किंवा चालताना नखं वरून घासली जातात, पाय एकमेकांत अडकतात, दारू प्यायल्यासारखी कंबर झुलते, तर मामला मणक्याचा किंवा नसांचा आहे, तिथे सगळं बदलतं. आणि काही तासांत दोन्ही पाय एकदम लुळे पडले, लघवी अडकली, तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

आपल्याकडे अजून एक, गोचीड ताप. त्यात सांधे धरतात, म्हातारपण समजून लोक महिने घालवतात. प्लेटलेट बघा. लॅब आहे, जाड आहे, सुस्त आहे, तर थायरॉईड पण बघा. आणि एकाच पायावर जास्त लंगडत असेल, नुसती बोटं टेकवत असेल, तर गुडघ्याचा लिगामेंट तपासून घ्या.

वजन. ताई ओरडत नाही, पण औषधांच्या बरोबरीने ठेवतो. जाड कुत्र्याचं वजन सहा ते नऊ टक्के कमी झालं की लंगडणं दिसण्याइतकं कमी होतं असं अभ्यासात दिसलंय. चिमीच्या हिशोबाने अडीच ते साडेतीन किलो. आवाक्यातलं आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेऊन त्यांच्या मरेपर्यंत अभ्यास केला होता, निम्म्यांना जोडीतल्या दुसऱ्या पिल्लापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, बाकी काही फरक नाही. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि संधिवाताचं औषध त्यांना बरंच उशिरा लागलं. २००२ साली छापून आलं. आज्जींना हे वाचून दाखवा. पोळी बंद, ग्लुकोज बिस्कीट बंद, त्याजागी काकडी, गाजर, उकडलेला दुधी. द्राक्षं मनुका कांदा नाही (नाशिककरांना मुद्दाम सांगतो). एकदम उपाशी पण ठेवू नका, आठवड्याला अर्धा किलो गेलं तरी पुष्कळ.

सप्लिमेंटमध्ये माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ चा पुरावा बरा आहे, ग्लुकोसामाईनचा तेवढा नाही, पैसे कमी असतील तर काय निवडायचं ते कळलं. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आमच्याकडे शिरवळला कॉलेजात दाखवता येतं, अवघड केस असेल तर दुसरं मत तिथे घ्या.

रोखठोक दादा, तुमची कुत्री ओसरीवर पडून राहायची ती शांतपणे नाही, दुखत होतं म्हणून. ओसरी शेणाने सारवलेली होती, पाय घसरत नव्हता, ऊन लागत होतं आणि आत-बाहेर करायला दोन मजले नव्हते, हा मात्र फरक मान्य. ताई मागतायत ते फार काही नाही.

गोदाकाठ

डॉक्टर, किती उपकार मानू. पंज्याचं आत्ता करून बघितलं, लगेच सरळ केला आणि वर माझा हात चाटला. गोचीड तापाचं कोणी बोललंच नव्हतं, गेल्या पावसाळ्यात गोचिडी झाल्या होत्या खऱ्या. उद्याच रक्त देते.

सासूबाईंना ४८ लॅबचं वाचून दाखवलं. म्हणाल्या, बिचारी उपाशी पोरं.

खाडीकिनारा

ठाण्याहून. आमची गोष्ट वेगळी आहे, चिमीसारखी नाही, पण हा धागा पुढे कोणी शोधत येईल म्हणून लिहितो.

बाजी, जर्मन शेफर्ड. नऊ वर्षांचा असताना रस्त्यावर चालताना मागून खर्र खर्र आवाज यायला लागला. मला वाटलं नखं वाढली. बघतो तर मधल्या दोन बोटांची नखं वरून घासून सपाट झालेली. दुखत काहीच नव्हतं, खेळायला तसाच, खायला तसाच, फक्त पाय कुठे पडतोय हे त्याला कळत नव्हतं. एक्सरे झाले, रक्त झालं, गोळ्या झाल्या, सगळं ठीक ठीक म्हणता म्हणता शेवटी जे उरतं ते नाव डॉक्टरांनी घेतलं, डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. मणक्यातला मज्जारज्जू हळूहळू मरत जातो, शेफर्डमध्ये पुष्कळ दिसतं, जनुकातलं आहे, औषध नाही.

औषध नाही म्हटल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. मग वाचत बसलो आणि एक अभ्यास सापडला, स्वित्झर्लंडमधला, २००६ चा, फक्त २२ कुत्री, म्हणजे फार मोठा नाही. रोज कसून फिजिओ केलेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली आणि काहीच न केलेली ५५. छोटा अभ्यास आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुसरं हातात काहीच नव्हतं तर पकडला तो धागा.

रोज दिवसातून तीनदा. काठ्यांवरून चालणं, तळव्याला दातांचा ब्रश फिरवणं म्हणजे पायाला जाणीव राहावी, उभं धरून झुलवणं, वरती मावशींनी लिहिलंय तेच सगळं. बायकोची जुनी सुती साडी चार पदरी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, वर दोन्ही टोकं हातात, असं फिरायला न्यायचो. नर कुत्रा असेल तर लक्ष ठेवा, कापड जरा मागे सरकलं की लघवी करता येत नाही आणि सगळं कापडावर. पायात कातडी बूट शिवून घेतले, चपला शिवणाऱ्या काकांनी आधी हसून घेतलं मग इतके मनापासून शिवले की पैसे घेईनात.

पुढे मागचे पाय पूर्ण गेले तेव्हा गाडा केला. तयार मिळतात पण मापाचा मिळेना, मग ओळखीच्या प्लंबरकडून पीव्हीसी पाईपचा सांगाडा, सामानाच्या ट्रॉलीची चाकं, आणि बसायला जाड कॅनव्हासची खोळ. पहिला गाडा मागे जड झाला, बाजीच्या पुढच्या पायांवर वजनच येईना, डोकं वर करून तरंगत होता. चाकं थोडी मागेपुढे करून भार समान केल्यावर जमलं. त्या दिवशी तो खाडीच्या रस्त्याला असा सुटला की मी मागे धावत आणि गाड्याचं एक चाक निसटून माझ्याही पुढे.

कठीण भाग कोणी सांगत नाही तो सांगतो. लघवी नीट होत नाही, दाबून काढावी लागते, डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिका, व्हिडिओ बघून नाही. एका कुशीवर पडून कोपराला खुब्याला जखमा होतात, दर तीनचार तासांनी कूस बदलायची, खाली आपल्या गोधड्या तीन, वर प्लॅस्टिक, वर परत मऊ चादर. आणि तुमची कंबर. मला सहाव्या महिन्यात स्लिप डिस्क झाली, मग घरात दोन पेशंट.

चौदा महिने मिळाले. शेवटी पुढचे पायही धरले, श्वासाला त्रास व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. रोखठोक यांचा प्रश्न मला रोज पडायचा, हे कोणासाठी चाललंय. मी एका वहीत रोज लिहायचो, आज खाल्लं का, आज शेपूट हलली का, आज बाहेर जायला तयार होता का. ज्या आठवड्यात नाही नाही नाही जास्त झालं त्या आठवड्यात ठरवलं.

रोखठोक

खाडीकिनारा, वही आवडली. माझा मुद्दा मी मागे घेत नाही पण तुमच्यापुढे गप्प बसतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून, थोडक्यात. आमचा बीगल तेरा वर्षांचा. इकडे रिहॅबचं वेगळं शिक्षण घेतलेले पशुवैद्य असतात, लेझर, पाण्यातली ट्रेडमिल, ॲक्युपंक्चर सगळं एकाच छताखाली. बिल बघितलं की आपल्यालाच ॲक्युपंक्चर लागतं. लेझरचा आम्हाला फार काही फरक जाणवला नाही, ट्रेडमिलचा जाणवला.

इकडे संधिवातासाठी महिन्यातून एकदा घ्यायचं बेडिनव्हेटमॅबचं इंजेक्शन आहे, २०२३ साली इथे परवानगी मिळाली. कोणी ओळखीच्यांकडून मागवायचा विचार करत असेल तर दुसरी बाजूही माहीत असू द्या, डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं इथलं सरकारी खातं) इथल्या पशुवैद्यांना पत्र काढून झटके, तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं असे प्रकार नोंदवले गेल्याचं कळवलंय. आमच्या बीगलला चाललं. सगळ्यांना चालेल असं नाही. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॅगेतून औषधं आणू नका.

आणि पोहणं वेगळं, ट्रेडमिल वेगळी. आम्ही आधी पोहायला सोडला तर तो सगळं काम पुढच्या पायांनी करायचा, मागचे नुसते लोंबत. नदीत, विहिरीत, धरणात सोडायचं कोणाच्या डोक्यात असेल तर नको, थंड पाणी आणि बाहेर येताना निसरडा काठ, होतं नव्हतं ते पण जायचं.

गोदाकाठ

पाच आठवडे झाले, सांगायला आले.

गोचीड तापाची टेस्ट निगेटिव्ह, थायरॉईड ठीक, किडनी ठीक. मेलोक्सिकॅम परत सुरू, कमीत कमी डोसवर आणलंय, रात्री गॅबापेंटिन. धापा थांबल्या. पहिल्या रात्री ती सलग झोपली तर मीच दोनदा उठून श्वास चालू आहे का बघितलं.

वजन ३९ वरून ३७.१. मोजायचं कसं हा प्रश्न होता, शेवटी खालच्या भंगारवाल्या काकांच्या मोठ्या काट्यावर. दर रविवारी चिमी रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी उभी राहते आणि काका मोठ्याने आकडा ओरडतात, अख्ख्या गल्लीला तिचं वजन पाठ आहे. सासूबाईंनी पोळी बंद केली. म्हणजे तुपाची बंद केली. म्हणजे आता मी डबा लपवते.

हॉलमध्ये मॅट टाकल्यात. खरं सांगू मावशी, सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला, तो पण दुसऱ्याच दिवशी. ती मॅटच्या कडेला येऊन थांबते, टाईल्सवर पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलंय, नदीकाठी उभी असल्यासारखी. मग आम्ही अजून दोन मॅट आणल्या.

पुण्याला एकदाच जाऊन आलो. तिथल्या बाईंनी तासभर तपासलं, मांड्यांची मापं घेतली, डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटरने बारीक निघाली, आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. पाण्यात चार मिनिटं चालली. चिमीला पाणी आवडलं, बाहेर यायलाच तयार नव्हती. व्यायाम लिहून दिलेत, उठबस सध्या पाच आणि पाच. काठ्यांवरून नवरा चालवतो, हो तोच. त्याने परवा आईला पण चालवलं.

आता अडलंय फक्त जिन्यावर. चढताना साडीचा पट्टा लावून जमतं, ती पुढचे पाय टाकते, मी मागून वजन घेते. उतरताना मात्र तिचं सगळं अंग पुढे जातं आणि मी मागून ओढली जाते, परवा दोघी पडता पडता वाचलो. दिवसातून दोनदाच नेतो, बाकी वेळ बाल्कनीत पेपर टाकतो. खाडीकिनारा, तुम्ही उतरताना कसं धरायचा?

खाडीकिनारा

उतरताना पोटाचा पट्टा एकटा पुरत नाही, तो फक्त मागचं उचलतो आणि मागचं जितकं उचलाल तितकी ती पुढे कलंडते. छातीला हार्नेस घाला, पाठीवर पकडायची मूठ असलेला, आणि तो हात ब्रेक. म्हणजे एका हाताने हार्नेस मागे खेचून धरायचा, दुसऱ्या हाताने साडी, आणि साडी इतकीच वर की मागचे पंजे पायरीला टेकतील, अधांतरी नाही. गळपट्ट्याला धरून अजिबात ओढू नका. भिंतीच्या बाजूला ती, कठड्याच्या बाजूला तुम्ही. पायरीला पायरी, प्रत्येक पायरीवर थांबायचं, घाई ती करणार, तुम्ही नाही. सुरुवातीला पुढे दोन पायऱ्या खाली कोणीतरी तिच्याकडे तोंड करून उभं राहू दे, नवऱ्याला कामाला लावा. पायऱ्यांच्या कडांना ती खरखरीत अँटीस्किड पट्टी चिकटवा, सोसायटीला विचारत बसू नका, सगळ्या म्हाताऱ्यांना लागतेच ती.

आणि स्लीपर घालून उतरू नका. अनवाणी किंवा बूट. माझी स्लिप डिस्क कशाने झाली ते वर सांगितलं नव्हतं.